कोण कोणाला टेकलंय? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात प्रथिनांच्या घडीबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज लिहून गेले होते: साखळीत एकमेकांपासून खूप लांब असलेली अमिनो आम्लं घडी पडल्यावर शेजारी येतात. या वाक्यावर आलेली पत्रं वाचताना मनापासून आनंद झाला, कारण गेली बावीस वर्षं माझा दिवस याच कामात जातो. प्रथिनाची रचना उघडायची आणि आत कोण कोणाला टेकलंय ते पाहायचं. सगळ्या पत्रांना जागा देता येणार नाही, म्हणून ज्यांत इतरांच्याही शंका येऊन जातील अशी पत्रं निवडली आहेत.

आमच्या सरांनी एका एन्झाइमच्या रचनेतले सगळे संपर्क काढायला सांगितले. बीटा कार्बनांमधलं अंतर ८ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत असेल तर मी संपर्क धरला. मैत्रिणीने कोणतेही दोन अणू ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत आले की संपर्क धरला. फाइल एकच, तरी याद्या जुळत नाहीत. सर म्हणाले, "तुम्हीच ठरवा." बरोबर कोण? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी

तुमच्या सरांनी उत्तर न देऊन तुमचं भलं केलं आहे. तुमच्या दोघींच्याही याद्या बरोबर आहेत, पण तुम्ही विचारलेले प्रश्न वेगळे आहेत.

फाइलमध्ये काय असतं ते आधी बघू. प्रोटीन डेटा बँकेतल्या फाइलमध्ये प्रत्येक अणूची एक ओळ असते: अणूचं नाव, कोणत्या रेसिड्यूचा (म्हणजे साखळीतल्या कोणत्या अमिनो आम्लाचा), कोणत्या साखळीतला, आणि मग एक्स, वाय, झेड हे तीन आकडे. डायसल्फाइड बंधांसारख्या (दोन सिस्टीनांच्या गंधकांमधले बंध) थोड्याशा नोंदी सोडल्या तर 'याचा त्याच्याशी संपर्क आहे' असं कुठेही लिहिलेलं नसतं. संपर्क आपण ठरवतो. म्हणून यादी दाखवण्याआधी व्याख्या सांगावी लागते, आणि व्याख्या आपल्या प्रश्नातून यावी लागते.

बीटा कार्बन म्हणजे साइड चेनचा, मुख्य साखळीतून बाहेर निघणाऱ्या फांदीचा, पहिला अणू. त्याला खांदा समजा. तुम्ही खांद्यापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजलंत, मैत्रिणीने हात हाताला लागतोय का ते पाहिलं. आर्जिनिन या अमिनो आम्लाचा हात लांब असतो. बीटा कार्बनपासून टोकाच्या नायट्रोजनपर्यंत तो जवळजवळ ६ अँगस्ट्रॉम पसरू शकतो. समोर अस्पार्टेट असेल, तर त्याचा ऑक्सिजन स्वतःच्या बीटा कार्बनपासून साधारण २.४ अँगस्ट्रॉमवर असतो. आता या दोघांची टोकं २.८ अँगस्ट्रॉमवर येऊन पक्का सॉल्ट ब्रिज (विरुद्ध प्रभारांच्या टोकांमधला बंध) झाला, तरी खांद्यांमधलं अंतर सहज ९-१० अँगस्ट्रॉम भरेल. म्हणजे रचनेतली कदाचित सर्वांत महत्त्वाची जोडी तुमच्या यादीत नाही! उलटही होतं. बीटा पट्टीत साखळीचे ताणलेले धागे शेजारी शेजारी असतात. शेजारच्या दोन धाग्यांवरच्या, समोरासमोर नसून एक घर सरकलेल्या साइड चेनपैकी एक पट्टीच्या वर आणि दुसरी खाली वळलेली असते. खांदे ८ अँगस्ट्रॉमच्या आत असतात, पण हात एकमेकांना कधी लागत नाहीत. तुमची पद्धत त्यांना संपर्क म्हणते.

मग बीटा कार्बनची पद्धत लोक वापरतातच का? घडीचा एकूण सांगाडा पाहायचा असेल, दोन घड्यांची तुलना करायची असेल किंवा रचनेचा अंदाज तपासायचा असेल, तेव्हा ती उत्तम चालते. हाताच्या टोकांची जागा जरा इकडेतिकडे झाली तरी खांदे फारसे हलत नाहीत. रचनांचे अंदाज तपासणाऱ्या कॅस्प या १९९४ पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या उपक्रमातही संपर्कांचे अंदाज तपासताना ८ अँगस्ट्रॉमची आणि बीटा कार्बनचीच व्याख्या वापरली गेली. ग्लायसिनला बीटा कार्बन नसतो, तिथे मुख्य साखळीतला अल्फा कार्बन घेतात. हे तुमच्या प्रोग्रॅममध्ये घातलंय ना, तेवढं तपासा. नाहीतर सगळी ग्लायसिन गुपचूप गळतात आणि कुठे एरर येत नाही.

मैत्रिणीचा ४.५ हा आकडाही हवेतून आलेला नाही. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या १.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन कार्बन एकमेकांना नुसते टेकतात तेव्हा केंद्रांमध्ये ३.४ अँगस्ट्रॉम असतात. मध्ये पाण्याचा एक रेणू शिरायचा तर साधारण २.८ अँगस्ट्रॉमची फट लागते, म्हणजे अंतर ६च्या पुढे जातं. ४.५ च्या आत असलेल्या दोन कार्बनांमध्ये पाण्याला वाव नाही, हा त्या आकड्याचा अर्थ. जलविरोधी गाभ्याबद्दल बोलायचं असेल तर याच अर्थाची गरज असते. हायड्रोजन बंधासाठी मात्र ४.५ फार सैल आहे. तिथे दोन जड अणूंमधलं अंतर ३.५ च्या आत हवं आणि कोनही बघायला हवा.

अजून दोन गोष्टी. साखळीत लागोपाठ येणाऱ्या दोन रेसिड्यूंचे अल्फा कार्बन नेहमीच्या ट्रान्स जोडात ३.८ अँगस्ट्रॉमवरच असतात. त्यांना संपर्क म्हणून मोजण्यात काही अर्थ नाही, यादी उगाच फुगते. साखळीत निदान चार जागा दूर असलेल्याच जोड्या मोजा, आणि किती जागा सोडल्या ते लिहून ठेवा. दुसरं, ४, ४.५ आणि ५ अशा तिन्ही मर्यादा लावून बघा. तुमचा निष्कर्ष ४.५ ला उभा राहतो आणि ५ ला कोसळतो असं झालं, तर तो निष्कर्ष प्रथिनाबद्दलचा नाही, त्या मर्यादेबद्दलचा आहे.

'रेसिड्यू' म्हणायचं की 'अवशेष'? – एक भाषाप्रेमी वाचक

पुस्तकात 'अवशेष' आहे आणि तो शब्द अर्थाला धरून आहे. दोन अमिनो आम्लं जोडली जाताना पाण्याचा रेणू निघून जातो आणि उरतो तो अवशेष. पण मराठीत अवशेष म्हटलं की डोळ्यांसमोर पडके वाडे आणि उत्खनन येतं. प्रयोगशाळेत मराठीत बोलतानाही सगळे रेसिड्यूच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.

'कॉन्टॅक्ट मॅप' हा शब्द वाचला. वर्गात मुलांना करून दाखवता येईल असं काही आहे का? आमच्याकडे एकच संगणक आहे. – उच्च माध्यमिक शिक्षक

कॉन्टॅक्ट मॅप म्हणजे कोण कोणाला टेकलंय याचा चौकोनी नकाशा. त्याला संगणक एकदाच लागेल. बाकी आलेख-कागद आणि पेन्सिल.

क्रॅम्बिन हे छोटं प्रथिन घ्या. प्रोटीन डेटा बँकेत (पीडीबीत) त्याचा क्रमांक १सीआरएन. त्यात रेसिड्यू फक्त ४६. सगळ्या जोड्या मोजल्या तर १०३५ होतात, आणि वर्गात वाटून दिल्या तर एका तासात संपतात. आडव्या अक्षावर १ ते ४६, उभ्या अक्षावर १ ते ४६. संगणकावरून अंतरांचा तक्ता एकदा छापून घ्या आणि जिथे अंतर ८ च्या आत असेल तो चौकोन मुलांना काळा करू द्या.

आधी काही कळत नाही, नुसते ठिपके दिसतात. मग आकृत्या उमटायला लागतात. कर्णाला चिकटून एक जाड पट्टा दिसतो, ७ ते १९ आणि २३ ते ३० या भागांत. हे अल्फा हेलिक्स. हेलिक्सचा एक वेढा ३.६ रेसिड्यूंचा असतो, त्यामुळे प्रत्येक रेसिड्यू साखळीत तीन-चार घरं पुढच्याच्या जवळ येतो आणि कर्णाची रेघ जाड होते. दुसरीकडे १ ते ४ आणि ३२ ते ३५ जिथे भेटतात तिथे कर्णाला काटकोनात जाणारी छोटीशी रेघ येते. या उलटसुलट दिशांनी धावणाऱ्या दोन बीटा धाग्यांच्या खुणा आहेत. एक धागा पुढे सरकतो तसा दुसरा मागे येतो, म्हणून रेघ कर्णाला आडवी जाते. धागे एकाच दिशेने धावत असते तर रेघ कर्णाला समांतर आली असती.

शेवटी मुलांना डायसल्फाइड शोधायला सांगा. सिस्टीन कुठे आहेत ते फळ्यावर लिहा: ३, ४, १६, २६, ३२, ४०. जोड्या सांगू नका. त्यांनी नकाशात बघून ३–४०, ४–३२ आणि १६–२६ शोधून काढाव्यात. ३ आणि ४ साखळीत शेजारी, पण एकाचा जोडीदार ४० आणि दुसऱ्याचा ३२. हे पेन्सिलने काळ्या केलेल्या चौकोनातून स्वतः सापडलं की घडी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. हा नकाशा मी स्वतः पहिल्यांदा कागदावरच केला होता आणि तो कागद अजून माझ्याकडे आहे.

एका रेसिड्यूच्या संपर्काने खरंच रोग होऊ शकतो का, की हे सगळं कागदोपत्री आहे? – निवृत्त परिचारिका

होतो, आणि तुम्ही तो रुग्णांच्या वेदनेत पाहिला असेल. सिकल सेल.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ रेसिड्यू असतात. सहाव्या जागी ग्लुटामेट असतो, ऋण प्रभार असलेला आणि पाण्यात रमणारा. सिकल सेलमध्ये तिथे व्हॅलिन येतो, लहान आणि तेलकट स्वभावाचा. एवढाच फरक असल्याचं व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं. पण व्हॅलिन आल्याने हिमोग्लोबिनची घडी बिघडत नाही, ऑक्सिजन धरण्याची जागाही शाबूत राहते. मग बिघडतं काय? सहावा रेसिड्यू रेणूच्या पृष्ठभागावर असतो. ऑक्सिजन सोडलेल्या दुसऱ्या हिमोग्लोबिन रेणूच्या पृष्ठभागावर, त्याच्या बीटा साखळीत, फेनिलअॅलानिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्यामध्ये एक खळगा असतो. तोही तेलकट. व्हॅलिन त्यात नेमका बसतो. प्रभार असलेला ग्लुटामेट तिथे बसू शकत नव्हता. एक रेणू दुसऱ्याला चिकटतो, दुसरा तिसऱ्याला, आणि लांबच लांब दोर तयार होऊन तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

प्रत्येक हिमोग्लोबिनमध्ये दोन बीटा साखळ्या, म्हणजे दोन व्हॅलिन असतात. दोरातल्या या आडव्या जोडणीत त्यांपैकी एकच वापरला जातो. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी बराच वेळ पडद्यासमोर बसून होते. एका रेणूतला एकच रेसिड्यू, शेजाऱ्याचे दोन रेसिड्यू, मोजून काही अणूंचा स्पर्श, आणि तेवढ्याने माणसाच्या सांध्यासांध्यात कळा.

विश्लेषण करणाऱ्यांसाठी यात एक सूचना आहे. हा संपर्क एका रेणूच्या आत शोधून कधीच सापडला नसता, कारण तो दोन रेणूंमधला आहे. आणि जुन्या लेखांत हा रेसिड्यू ६ असतो, जनुकावरून सुरुवातीचा मेथिओनिन धरून मोजला तर ७. एकाच जागेची दोन नावं आहेत हे विसरून वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

माझ्या यादीत दोन रेसिड्यूंमध्ये १.४ अँगस्ट्रॉम अंतर आलंय. तो सर्वांत घट्ट संपर्क मानावा का? शिवाय एका अस्पॅराजिनचा ऑक्सिजन मुख्य साखळीच्या एका ऑक्सिजनपासून २.८ वर आहे. हा हायड्रोजन बंध धरू का? – पीएच.डी.चा विद्यार्थी

दोन्ही धरू नका.

पहिल्याचं आधी. बंध नसलेले दोन अणू किती जवळ येऊ शकतात याची मर्यादा पक्की आहे. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये साखळीचे कोणते कोन शक्य आहेत ते याच मर्यादांवरून काढलं होतं. दोन कार्बनांना त्यांनी नेहमीसाठी ३.२ आणि अगदी टोकाला ३.० अँगस्ट्रॉम इतकी मुभा दिली होती. १.४ ही संपर्काची नव्हे, सहसंयुज बंधाची लांबी आहे. फाइलमध्ये त्या ओळींचा सतरावा रकाना, म्हणजे ओळीतलं सतरावं अक्षर, बघा. तिथे ए आणि बी अशी अक्षरं असण्याची दाट शक्यता आहे. रचना ज्या स्फटिकावरून काढलेली असते, त्यातल्या काही रेणूंमध्ये साइड चेन एका स्थितीत असते, काहींमध्ये दुसऱ्या. फाइलमध्ये दोन्ही लिहिलेल्या असतात. तुमच्या प्रोग्रॅमने एका रेसिड्यूची ए स्थिती आणि शेजाऱ्याची बी स्थिती यांतलं अंतर मोजलं असणार. ते दोघे एकाच वेळी तिथे कधी नव्हतेच. ए ची ए शी आणि बी ची बी शी गाठ घाला, मग मोजा.

आता अस्पॅराजिन. त्याच्या टोकाला एक ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन असतो. ऑक्सिजनमध्ये ८ इलेक्ट्रॉन, नायट्रोजनमध्ये ७. क्ष-किरणांनी मिळालेल्या इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात हा एका इलेक्ट्रॉनचा फरक सहसा ओळखू येत नाही, आणि हायड्रोजन तर बहुतेक रचनांत दिसतच नाहीत. त्यामुळे रचना बसवणाऱ्याने टोक उलटं बसवलं तरी घनतेत ते तितकंच छान बसतं. मुख्य साखळीच्या ऑक्सिजनवर हायड्रोजन नाही, अस्पॅराजिनच्या ऑक्सिजनवरही नाही. दोघांकडे द्यायला काहीच नसताना ते २.८ वर का येतील? टोक १८० अंशांनी फिरवा, ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन येईल आणि उत्तम हायड्रोजन बंध तयार होईल. ग्लुटामिन आणि हिस्टिडिनचंही हेच. रिड्यूस नावाचा प्रोग्रॅम हायड्रोजन घालताना अशी उलटी टोकं शोधून देतो. संपर्क मोजण्याआधी तो चालवायची सवय लावून घ्या.

तुमच्या पत्रावरून मला माझी सुरुवातीची वर्षं आठवली. उष्णता सहन करणाऱ्या एका प्रथिनात मला लायसिन आणि ग्लुटामेट यांच्यातला सॉल्ट ब्रिज सापडला होता, २.९ अँगस्ट्रॉमचा, बरोब्बर दोन डोमेनच्या, म्हणजे प्रथिनाच्या स्वतंत्र घडी पडणाऱ्या दोन भागांच्या, सांध्यावर. याच खिळ्यामुळे प्रथिन उकळत्या पाण्यातही टिकतं असं मी धरून चालले. त्यावर कित्येक आठवडे काम केलं, चित्रं केली, लेखाचं एक पूर्ण पान लिहिलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते वाचलं आणि एकच विचारलं, "घनता बघितलीस का?" नव्हती बघितली. त्यांच्याच टेबलावर बसून नकाशा उघडला. ग्लुटामेटभोवती घनतेची जाळी स्वच्छ होती. लायसिनची जाळी मात्र गॅमा कार्बनपाशीच संपली होती. पुढचे तीन अणू रिकाम्या जागेत तरंगत होते. रचना बसवणाऱ्याने ते सोयीच्या जागी ठेवले होते, कारण कुठेतरी ठेवायचेच होते. मी बी-फॅक्टरचा, म्हणजे अणूची जागा किती अस्थिर आहे ते सांगणारा, रकाना पाहिला. साखळीची सरासरी २५ च्या आसपास आणि त्या नायट्रोजनचा ९० च्या वर. आकडे पहिल्या दिवसापासून त्याच फाइलमध्ये, अंतराच्या आकड्यांशेजारी होते. मी ते पान काढून टाकलं. त्या दिवसापासून ज्या जोडीवर माझा युक्तिवाद उभा असेल, तिची घनता मी स्वतः डोळ्यांनी पाहते, प्रत्येक वेळी, मग ती यादीत कितीही वर असो.

आता अल्फाफोल्ड रचना सांगतं. मग संपर्क मोजण्याचं हे काम संपलं का? – सॉफ्टवेअर क्षेत्रातला वाचक

उलट अल्फाफोल्ड हा अनुक्रमावरून रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्रॅम याच संपर्कांच्या खांद्यावर उभा राहिला आहे. दोन रेसिड्यू घडीत शेजारी असतील तर उत्क्रांतीत ते एकमेकांना सांभाळून बदलतात. एका जीवात एका जागी लायसिन आणि दुसऱ्या जागी ग्लुटामेट असेल, तर दुसऱ्या जीवात दोघांची अदलाबदल झालेली सापडते. हजारो नातेवाईक प्रथिनांच्या अनुक्रमांत अशा जोड्या एकत्र बदलताना दिसल्या की त्या टेकलेल्या असाव्यात असा अंदाज बांधता येतो. संपर्कांचे अंदाज पुरेसे चांगले झाले तेव्हा त्यांवरून घडी उभी करता येऊ लागली. २०१८ च्या कॅस्पमध्ये अल्फाफोल्ड पुढे होतं ते रेसिड्यूंमधल्या अंतरांचा अंदाज बांधून. २०२० मधली त्याची झेप तर सगळ्यांनी पाहिली, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर यांच्यासोबत डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं.

पण तुम्ही सॉफ्टवेअरमधले आहात म्हणून एक खड्डा आत्ताच दाखवून ठेवते. अल्फाफोल्डच्या फाइलमध्ये, जिथे एरवी बी-फॅक्टर असतो, त्याच रकान्यात खात्रीचा आकडा लिहिलेला असतो, ० ते १०० मधला. बी-फॅक्टर जितका कमी तितका अणू स्थिर. हा आकडा मात्र जितका जास्त तितका अंदाज भरवशाचा: ९० च्या वर उत्तम, ५० च्या खाली त्या भागाची घडी मानूच नये. आता कोणी जुना प्रोग्रॅम तसाच चालवला, 'रकान्यात ६० पेक्षा जास्त असेल तर तो रेसिड्यू गाळा' असं सांगणारा, तर सगळे उत्तम रेसिड्यू गळतील आणि सैल, भरवसा नसलेल्या शेपट्यांचे संपर्क तेवढे उरतील. प्रोग्रॅम व्यवस्थित चालेल, यादीही मिळेल.

आणि दोन डोमेनमधले किंवा दोन साखळ्यांमधले संपर्क बघत असाल तर हा आकडाही पुरेसा नाही. प्रत्येक डोमेन स्वतःपुरता ९० च्या वर असू शकतो आणि तरी त्यांची एकमेकांशी मांडणी निव्वळ अंदाजपंचे असू शकते. त्यासाठी पीएई नावाचा वेगळा तक्ता मिळतो. दोन रेसिड्यूंच्या परस्पर जागेत किती अँगस्ट्रॉमची चूक अपेक्षित आहे ते त्यात असतं. तो आकडा २०-२५ असेल तर त्या दोन डोमेनमधली ४.५ अँगस्ट्रॉमची जोडी यादीतून खोडा. ४-५ च्या आत असेल तर ठेवा, आणि शक्य असेल तर त्यांतला एक रेसिड्यू बदलून प्रयोग करणारं कोणी आहे का ते शोधा.